परदेशातून कायमचे परतताना

परदेशात बरीच वर्षे राहिलेले कुटुंब कायमचे भारतात परतले, की ‘अनिवासी’ हा दर्जा दोन कायद्यांत दोन निरनिराळ्या वेळी संपतो. परकीय चलनाचे व्यवहार नियंत्रित करणारा ‘फेमा’ कायदा हेतू पाहतो. कायम राहण्यासाठी आलेली व्यक्ती आल्यापासूनच निवासी ठरते. तिला एनआरई (अनिवासींसाठीचे रुपयांतील) खाते साध्या निवासी खात्यात बदलावे लागते किंवा ती रक्कम आरएफसी (निवासींसाठीच्या परकीय चलन) खात्यात परकीय चलनात ठेवता येते. अनिवासी असताना तिकडे घेतलेले घर वा शेअर विकण्याची सक्ती नाही.

प्राप्तिकर कायदा मात्र दिवस मोजतो. मागील 10 पैकी 9 वर्षे अनिवासी असलेल्या, किंवा मागील 7 वर्षांत भारतात 729 दिवसांहून अधिक न राहिलेल्या व्यक्तीच्या परदेशातील उत्पन्नावर परतल्यानंतर साधारण दोन-तीन वर्षे इथे सहसा कर लागत नाही. म्हणून परतीची तारीख आर्थिक वर्ष पाहून ठरवणे शहाणपणाचे.

सर्वांत नाजूक प्रश्न मुलांचा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या मुलांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर इथे राहता-शिकता येते. पुढे मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. 4 मार्च 2021 नंतर कार्ड मिळालेल्यांना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतून अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांवरच प्रवेश मिळतो, आणि ही गोष्ट पालकांना बहुधा बारावीत कळते. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनाही देवनागरी वाचन-लेखनाची तयारी निघण्याआधीच करून द्यायला हवी.