ताशी 10 किलोमीटरनं पळणारं घर!

घर कुठे असतं? चाळीत, सोसायटीत, नाहीतर वाडीत. सकाळी शाळेत जा, संध्याकाळी परत ये, घर आपलं जिथल्या तिथे!

पण लॉरा डेकरचं घर चक्क पळायचं!

लॉराचे बाबा नेदरलँड्सचे आणि आई जर्मन. दोघं शिडाच्या होडीतून जगाच्या सफरीला निघाले होते. वाटेत न्यूझीलंडच्या व्हांगारेई गावात, 1995 साली, लॉरा जन्मली. मग काय, सफर संपली? छे! बाळाला घेऊन होडी पुढे निघाली! लॉराची पहिली चार-पाच वर्षं समुद्रावरच गेली. तिच्यासारखी होडीत वाढणारी मुलं आजही आहेत बरं का!

चल, अशाच एका होडीत शिरू या. चपला बाहेर काढ!

आधी अंदाज कर. हे घर किती जोरात पळत असेल? ताशी शंभर? पन्नास? अंहं! साधारण 10 किलोमीटर. तुझी सायकलसुद्धा पुढे निघून जाईल! एक छोटं इंजिन असतं, पण ते बंदरात शिरताना वापरायचं. एरवी सगळी मेहनत वाऱ्याची.

आणि ही हळूबाई अख्खा अटलांटिक महासागर ओलांडते! आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांपासून पलीकडच्या कॅरिबियन बेटांपर्यंत जवळजवळ 5000 किलोमीटर. कसं जमतं? गुपित सांगू? सायकलवाला दमतो, जेवतो, झोपतो. होडी झोपतच नाही! 24 तास चालली की झाले 240 किलोमीटर. अशी रोज चालली की तीन आठवड्यांत पोहोचलीच!

मग रात्री नांगर टाकून सगळे झोपत का नाहीत? अरे, टाकणार कुठे? अटलांटिकची सरासरी खोली साडेतीन किलोमीटरांहून जास्त आहे! आपलं कळसूबाई शिखर 1646 मीटर उंच. त्याच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवलं, तरी दोन्ही बुडून जातील!

म्हणून आई-बाबा पाळीपाळीनं जागतात. मोठं जहाज तर येत नाही ना? वारा फिरला का? एकाचे डोळे मिटले की दुसऱ्याचे उघडे!

वारा शिडाला ढकलतो आणि होडी एका बाजूला कलते. इतकी, की पायाखालची फरशी घसरगुंडीच होते! मग होडी उलटत कशी नाही? तिच्या पोटाखाली, पाण्यात बुडालेला एक जाडजूड पंख असतो. त्याला म्हणतात कील. तो शिशाचा नाहीतर लोखंडाचा असतो. कित्येक होड्यांचं एक तृतीयांश वजन एकट्या कीलमध्येच असतं! ढकलली तरी डुलत डुलत उभी राहणारी बाहुली पाहिली आहेस ना? तिचंही वजन बुडाशी असतं. होडीचं अगदी तसंच!

पण अशा तिरक्या घरात आमटी कशी शिजवायची? पातेलं घसरलं तर?

इथेच खरी गंमत आहे. शेगडी ओट्यावर ठेवलेलीच नसते. ती दोन्ही बाजूंनी टांगलेली असते! होडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, तरी पातेलं सपाट. बघणाऱ्याला वाटतं, अरे, शेगडी झुलते आहे! खरं म्हणजे शेगडी सरळच असते. झुलतं आहे ते घर!

झोपायचं कसं? अंथरुणाच्या कडेला जाड कापड ताणून बांधतात. झाली कापडाची भिंत! होडी कितीही डोलू दे, झोपणारा धपकन खाली पडत नाही.

आणि एक नियम कडक. खुल्या समुद्रात बाहेर डेकवर पाऊल टाकण्याआधी अंगातल्या पट्ट्याचा हूक होडीच्या दोराला अडकवायचा. खटक! मगच बाहेर. रडून चालत नाही, रुसून चालत नाही. आई-बाबांनाही हाच नियम!

आता कोडं. चारी बाजूंना पाणीच पाणी, तरी या घरात पाणी जपून वापरतात. का? कारण ते खारट! पिण्याचं पाणी टाकीत भरून आणायचं. भांडी घासायची समुद्राच्या पाण्यानं. अंघोळसुद्धा आधी खाऱ्या पाण्यानं, आणि शेवटी थोडंसं गोडं पाणी. काही होड्यांवर पाणी गोडं करायचं यंत्र असतं. ते समुद्राचं पाणी प्रचंड जोरानं एका बारीक पडद्यातून ढकलतं. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडेच अडकतं. पुष्कळ घरांत भिंतीवर आरओ असतो ना? त्याचाच हा दणकट भाऊ!

आता एक फारच भारी गोष्ट. हसायचं नाही हं! होडीच्या संडासातही समुद्राचंच पाणी ओततात. रात्री दिवा न लावता तिथे गेलं, पाणी सोडलं, की काय दिसतं? निळसर-हिरवे ठिपके लखलखतात! समुद्रात डोळ्यांना सहज न दिसणारे इवले जीव असतात. त्यातले काही पाणी ढवळलं की चमकतात. कोकणच्या किनाऱ्यावर कधीकधी रात्री लाटा चमकतात, त्यासुद्धा अशाच जिवांमुळे. पण संडासात दिवाळी? ती फक्त होडीवर!

तुला वाटेल, शाळा नाही, मज्जाच मज्जा! थांब. पुस्तकं होडीवर येतात, आणि आई-बाबाच शिक्षक होतात. म्हणजे "बाई आज आल्याच नाहीत" असं कधीच होत नाही! भूगोल मात्र खिडकीबाहेर. नकाशावर रोज टिंब काढायचं: काल इथे होतो, आज इथे आहोत. आणि विज्ञान डेकवर: रात्री येऊन पडलेले उडते मासे सकाळी तिथेच सापडतात!

अशा घरात वाढलेल्या लॉराला पुढे काय करावंसं वाटलं असेल? 13 वर्षांची असताना ती म्हणाली, मी एकटी जगाला फेरी मारणार! सरकार म्हणालं, थांब! प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी परवानगी मिळाली. होडीचं नाव गप्पी. हो, तोच तो इवलासा मासा! 20 जानेवारी 2011 ला ती कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावरून निघाली आणि 21 जानेवारी 2012 ला तिथेच परतली. वय किती? फक्त 16 वर्षं!

लॉरा पश्चिमेकडे गेली होती. पश्चिमेकडे जाताना एक बक्षीस मिळतं. जसजसं पुढे जावं, तसतसा सूर्य उशिरा उगवतो. म्हणून अधूनमधून घड्याळ एक तास मागे करायचं. त्या दिवशी दिवसाला तास किती? 25! कॅनरी ते कॅरिबियन एवढ्या प्रवासात असं चार वेळा होतं.

पण फुकट काहीच मिळत नाही! पृथ्वीची पूर्ण फेरी मारेपर्यंत असे 24 तास जमतात. म्हणजे अख्खा एक दिवस! तो परत करावा लागतो. पॅसिफिक महासागरात नकाशावर एक रेषा आहे, आंतरराष्ट्रीय वाररेषा. पश्चिमेकडे जाताना ती ओलांडली की कॅलेंडरवरची एक तारीख गायब! सोमवारनंतर थेट बुधवार!

आणि ती तारीख नेमकी तुझ्या वाढदिवसाची निघाली तर? मग आई-बाबांना आधीच बजावून ठेव. रेषा दिसो न दिसो, केक अलीकडेच कापायचा!