घाटांतील भय आणि मनाचा सारथि

मोटार ही आतां थोड्या सधनांची चैन राहिलेली नाहीं. फोंडाघाटासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवींही आज घराघरापुढें एखादें वाहन उभें दिसतें. नोकरीनिमित्त कोल्हापूर-पुण्यास राहणारे तरुण-तरुणी चतुर्थीस किंवा शिमग्यास स्वतःच गाडी हांकीत घाट उतरून घरीं येतात. या सोयीबरोबर एक अडचणही कित्येक कुटुंबांत शिरली आहे. वर्षानुवर्षें वाहन चालविणारा धडधाकट, शहाणासुरता मनुष्य एखाद्या दिवशीं रस्त्यांत अकस्मात् भयानें गांठला जातो आणि पुढें तो रस्ताच टाकून देतो. लाजेमुळें ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. म्हणूनच तिचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आमच्या गांवावरून जाणारा देवगड-निपाणी रस्ता फोंड्याच्या घाटानें दाजीपूरच्या अरण्यांत चढतो व पुढें राधानगरीस जातो. एका अंगास कातळ, दुसऱ्या अंगास दरी, पावसाळ्यांत दाट धुकें आणि समोरून मालानें भरलेले ट्रक. अशा ठिकाणीं सावध राहणें म्हणजे भीति नव्हे. ती विवेकाचीच खूण होय. ज्याविषयीं आपण बोलत आहों तें भय निराळें. तें सबळ कारणावांचून उठतें. छाती धडधडूं लागते, श्वास अपुरा पडतो, तळहातांस घाम फुटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकें हलकें होतें, आजूबाजूचें जग खोटें भासतें. आणि 'आतां मी मरणार', 'आतां मला वेड लागणार' किंवा 'आतां गाडी माझ्या हातून दरींत जाणार' अशी खात्रीच वाटूं लागते. ही लाट बहुधा कांहीं मिनिटांतच शिखरास पोंचते आणि मग ओसरूं लागते. डॉक्टर लोक यासच 'पॅनिक अटॅक' म्हणतात. सपाट महामार्गावर, कणकवलीच्या उड्डाणपुलावर किंवा वाहनांच्या खोळंब्यांतही तो येऊं शकतो. कारण अशा जागीं 'येथून चटकन् निसटतां येणार नाहीं' ही भावना मनाला जाचत असते.

'पॅनिक' हा शब्द ग्रीकांच्या पॅन नांवाच्या वनदेवावरून आला आहे. एकांत रानांतून जाणाऱ्या वाटसरूंस वाटणारें अकारण भय हा देव उत्पन्न करतो, अशी त्यांची समजूत होती. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं जे सैनिक छातीच्या धडधडीनें हैराण झाले होते, त्यांचें वर्णन डा कॉस्टा या वैद्यानें १८७१ मध्यें प्रसिद्ध केलें. तथापि स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मानसोपचार-संघटनेच्या वर्गीकरणांत यास स्थान मिळावयास १९८० साल उजाडावें लागलें.

मनांतील संकट देहावर कसें उमटतें हें आपल्या प्राचीनांस मात्र पूर्ण ठाऊक होतें. गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनाचीं गात्रें गळतात, तोंड कोरडें पडतें, अंगास कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, हातांतून गांडीव निसटतें आणि मन भ्रमूं लागतें. आणि हें सर्व रथांत उभें असतांना. त्याच्या व्याकुळतेचें मूळ स्वजनांच्या मोहांत होतें, म्हणून तिला आजचें नांव देणें योग्य होणार नाहीं. परंतु देहलक्षणांचें इतकें नेमकें टिपण क्वचितच सांपडेल. पतंजलींनींही चित्तविक्षेपाच्या सोबत्यांत 'अंगमेजयत्व', म्हणजे अवयवांचा कंप, आणि श्वासाची अव्यवस्था यांची गणना केली आहे. आणि चित्त प्रसन्न करण्याच्या उपायांत प्राण बाहेर सोडण्याचा उपाय सांगितला आहे. आजचे मानसोपचारज्ञही सावकाश निःश्वास सोडावयास शिकवितात, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

आतां या भयाची घडण पाहूं. वाघ समोर आला असतां झुंजावें किंवा पळावें, यासाठीं देहांत एक व्यवस्था निसर्गानेंच करून ठेविली आहे. ॲड्रेनॅलिन नांवाचा स्राव रक्तांत मिसळतो, हृदय वेगानें चालतें, श्वास जलद होतो. पॅनिकच्या झटक्यांत वाघ नसतांनाच ही घंटा वाजते. घाईच्या श्वासानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड कमी होतो; त्यामुळें भोंवळ व मुंग्या येतात. त्यांचा अर्थ मनुष्य 'हृदय बंद पडत आहे' असा लावतो. तेणेंकरून भय वाढतें, आणि भयानें लक्षणें वाढतात. इंग्लंडांतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनीं १९८६ मध्यें या चक्राची मांडणी केली. चक्र एकदां ओळखतां आलें म्हणजे तें तोडण्याची जागाही सांपडते. ती जागा म्हणजे लक्षणांस आपण दिलेला चुकीचा अर्थ.

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुरास नोकरी करतो. त्याची वृद्ध आई इकडे एकटी राहते. एका आषाढांत धुक्यांतून घाट उतरतांना त्याला असा झटका आला. कसाबसा तो घरीं पोंचला, परंतु त्यानंतर घाटांत गाडी घालीना. आधीं तो एस्टीनें येऊं लागला. मग 'कामें फार आहेत' हें निमित्त सुरू झालें. पुढें आईनेंच कोल्हापुरास यावें असा हट्ट झाला. देवघर आणि परसांतलीं माडाचीं झाडें सोडून ती कशी जाणार? जवळजवळ दोन वर्षें मायलेकांची भेट फोनवरच होत राहिली. मुलाचें मन आपल्यावरून उडालें, असें ती माउली समजून चालली होती. खरें कारण त्यानें तिला सांगितलें नव्हतें. भय मनुष्याकडून प्रथम रस्ता हिरावून घेतें, आणि मग त्या रस्त्याच्या टोंकाचीं माणसें.

टाळण्यानें तात्पुरतें बरें वाटतें, म्हणूनच ती संवय जडते. पण प्रत्येक टाळणुकीबरोबर 'मी जात नाहीं म्हणूनच वांचलों' हा खोटा समज पक्का होतो. यावर उपाय सोपानाचा. माझ्या विद्यार्थ्यानें तज्ज्ञाच्या सल्ल्यानें तोच धरिला. आधीं उभ्या गाडींत शांतपणें बसणें. मग सपाट रस्त्यानें फिरणें. मग सोबतीसह घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत. मग तेंच एकट्यानें. शेवटीं सबंध घाट. प्रत्येक पायरीवर भय चढूं द्यावयाचें आणि तें आपोआप उतरेपर्यंत पळून जावयाचें नाहीं, हें त्यांतलें मर्म. आतां तो महिन्यांतून दोनदां आईकडे येतो. तळहातांस अजूनही कधीं कधीं घाम येतो, हें तो लपवीत नाहीं.

प्रत्यक्ष झटका आला असतां काय करावें? वळणावर किंवा भर रस्त्यांत एकदम ब्रेक दाबूं नये. वेग हळूहळू कमी करावा, डावीकडचा दिवा दाखवावा आणि रुंद, सुरक्षित जागा पाहून गाडी कडेस घ्यावी. हातब्रेक ओढून चारही दिवे लुकलुकते ठेवावे. तशी जागा लगेच नसेल तर गिअर खालचा ठेवून सावकाश पुढें जावें, सुकाणूवरील मूठ किंचित् सैल करावी आणि दृष्टि पुढच्या वळणावर ठेवावी. थांबल्यावर कांच उघडावी. श्वास जोरानें ओढूं नये. तो नाकानें हळू घेऊन त्याहून अधिक वेळ सोडीत राहावा. समोर दिसणाऱ्या पांच वस्तूंचीं नांवें मनांत घ्यावीं. 'ही लाट आहे, ती ओसरेल' एवढेंच स्वतःस सांगावें. कागदी पिशवींत श्वास घेण्याचा जुना उपाय आतां डॉक्टर सुचवीत नाहींत. मन स्थिर झाल्यावर सोबत कोणी चालविणारा असेल तर सुकाणू त्याजकडे द्यावें. नसेल तर पूर्ण निवल्यावर थोडें तरी पुढें जावें.

खंडाळ्याच्या बोरघाटांत शिंगरोबाच्या देवळापाशीं गाडीवानांनीं नाणें वाहण्याची चाल आहे. देवावरील श्रद्धा ज्याची त्यानें ठेवावी. पण बिकट वाटेंत क्षणभर वेग आवरण्याचा तो रिवाज शहाणपणाचा आहे, एवढें कोणीही मान्य करील.

कांहीं पथ्येंही आहेत. रात्रभर जागून पहाटे घाटांत शिरूं नये. उपाशीं पोटीं कडक चहा-कॉफीवर वाहन चालवूं नये. घाट लागतो म्हणून पुष्कळ प्रवासी ओकारीची गोळी घेतात. तिनें झोंप येते, म्हणून चालविणारानें ती घेऊं नये.

आणखी एक सूचना महत्त्वाची. छातींतील प्रत्येक धडधड मनाचीच असते असें मानणें धोक्याचें आहे. प्रथमच असा त्रास झाला असेल, छातींत दाब किंवा कळ असून ती हात, मान वा जबड्याकडे जात असेल, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एरव्हींही हृदय, थायरॉइड, रक्तांतील साखर व रक्तक्षय यांची तपासणी आधीं करून घ्यावी. त्यांत दोष न निघाल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. विचार आणि वर्तन यांस वळण देणारी उपचारपद्धति या विकारांत चांगली गुणकारी ठरली आहे. जरूर तेथें औषधेंही दिलीं जातात, त्यांचा गुण यावयास कांहीं आठवडे लागतात. शेजाऱ्यानें दिलेली झोंपेची वा गुंगीची गोळी घेऊन मात्र कदापि वाहन चालवूं नये. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

शेवटीं घरच्या मंडळींस दोन शब्द. 'एवढे लोक जातात, तुलाच काय झालें?' हा प्रश्न विचारूं नये. त्यानें धीर येत नाहीं, फक्त तोंड बंद होतें. विशेषतः कर्त्या पुरुषास अशी कबुली देणें फार जड जातें. शेजारीं बसणारानें ओरडूं नये, सुकाणूस हात घालूं नये. शांत आवाजांत 'घाई नाहीं, पुढें जागा आहे, तेथें थांबूं' एवढें म्हणावें.

कठोपनिषदांत देहास रथ, इंद्रियांस घोडे, मनास लगाम आणि बुद्धीस सारथि म्हटलें आहे. घोडे बुजले म्हणून कोणी रथ मोडीत काढीत नाहीं, आणि लगाम थरथरला म्हणून सारथ्यानें आसन सोडावयाचें नसतें. बुद्धीनें भयाचें खरें स्वरूप ओळखलें, आणि घरच्यांनीं तिला थोडा अवधि दिला, म्हणजे बुजलेले घोडेही पुन्हा वाटेवर येतात.