यरुशलेमचा आचार्य बेन सीरा व त्याच्या ग्रंथाचें हिब्रू मूळ

जीर्ण पोथ्यांचीं सुटीं पानें निरुपयोगी समजून नदींत सोडण्याची चाल आपल्याकडे आहे. अशा पानांची खरी किंमत काय असूं शकते, हें दाखविणारें यहुदी आचार्य बेन सीरा ह्याच्या ग्रंथासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. म्हणून त्याचें चरित्र व शिकवण प्रथम थोडक्यांत देऊन, त्याच्या ग्रंथाचें हिब्रू मूळ कसें हातीं आलें व तें अस्सल कसें ठरलें, ह्याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

(१) काल व चरित्र.— येशू बेन एलाझार बेन सीरा हा यरुशलेमचा राहणारा. आपल्या ५१ अध्यायांच्या ग्रंथांत पन्नासाव्या अध्यायाच्या अखेरीस त्यानें आपलें नांव स्वतःच नोंदून ठेविलें आहे. त्याच अध्यायांत शिमोन नांवाच्या महायाजकाच्या मंदिरसेवेचें जें वर्णन आहे, तें डोळ्यांनीं पाहिलेल्याचें दिसतें. परंतु शिमोन त्या वेळीं हयात नसावा, असें भाषेवरून वाटतें. हा शिमोन इ. स. पूर्वीं २०० च्या सुमारास अधिकारावर होता. उलटपक्षीं, इ. स. पूर्वीं १६७ मध्यें सुरू झालेल्या मक्काबी बंडाचा ग्रंथांत मागमूसहि नाहीं. तेव्हां ग्रंथरचना इ. स. पूर्वीं १८० च्या सुमाराची, हा अभ्यासकांचा निर्णय आम्हांस ग्राह्य वाटतो. पुढें त्याचा नातू युएर्गेटीस राजाच्या ३८ व्या वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्वीं १३२ मध्यें, मिसर देशांत गेला व तेथें त्यानें ग्रंथाचें ग्रीक भाषांतर केलें. हिब्रू वचनांचें बळ परभाषेंत तसेंच उतरत नाहीं, अशी कबुली त्यानें प्रस्तावनेंत दिली आहे.

(२) शिकवण.— ईश्वराचें भय हें ज्ञानाचें मूळ, व तें ज्ञान मोशेच्या धर्मशास्त्रांत वस्तीस आलें आहे, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धांत होय. परंतु बेन सीरा नुसता तत्त्ववेत्ता नाहीं. तरुणांस व्यवहार शिकविणारा तो गुरु आहे. वृद्ध पित्याची बुद्धि मंदावली तरी पुत्रानें त्याचा मान राखावा. आपल्या अपराधांची क्षमा मागण्यापूर्वीं शेजाऱ्यास क्षमा करावी. वैद्याचा आदर करावा, कारण औषधी ईश्वरानेंच भूमींतून उत्पन्न केल्या आहेत, असें तो सांगतो. शेतकरी, मुद्रा कोरणारा, लोहार व कुंभार ह्यांचें त्यानें केलेलें वर्णन विशेष लक्षणीय आहे. राजसभेंत ह्यांस कोणी विचारीत नाहीं, तरी ह्यांच्यावांचून नगर वसत नाहीं, हें तो मान्य करतो. मात्र शास्त्रचिंतनास लागणारी फुरसत लेखकाससच मिळते, असेंहि त्याचें म्हणणें आहे. स्त्रियांविषयींचीं त्याचीं कांहीं वचनें कठोर आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे.

(३) मूळाचा लोप व शोध.— यहुद्यांच्या मान्य धर्मग्रंथांत ह्या ग्रंथास स्थान मिळालें नाहीं, तरी तालमुदांत त्यांतील वचनें आढळतात, आणि इ. स. ९४२ मध्यें वारलेल्या सादिया गाओन ह्यानेंहि हिब्रू वचनें उद्धृत केलीं आहेत. पुढें मूळ लोपलें. ग्रंथ ख्रिस्ती मंडळींत ग्रीक, लॅटिन व सुरियानी भाषांतरांच्या रूपानें राहिला. इ. स. १८९६ मध्यें अ‍ॅग्नेस लुइस व मार्गारेट गिब्सन ह्या जुळ्या भगिनींनीं पूर्वेकडून आणलेलीं पानें केंब्रिज येथें सॉलोमन शेक्टर ह्यांनीं तपासलीं. त्यांतील एक पान बेन सीराच्या हिब्रू ग्रंथाचें निघालें. लवकरच त्याच हस्तलिखिताचीं नऊ पानें ऑक्सफर्ड येथें ओळखण्यांत आलीं. त्यानंतर शेक्टर स्वतः कैरोस गेले. जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरांत गेनिझा नांवाची कोठी होती. ईश्वरनाम असलेले कागद नष्ट करूं नयेत, म्हणून जीर्ण लिखाण तींत टाकीत. तेथून लाखाहून अधिक तुकडे केंब्रिजला आले. त्यांतून व अन्यत्र पसरलेल्या पानांतून आजवर बेन सीराचीं सहा अपूर्ण हस्तलिखितें निश्चित झालीं आहेत.

(४) अस्सलपणाचा वाद.— हीं हस्तलिखितें मूळ ग्रंथानंतर हजाराहून अधिक वर्षांनीं लिहिलेलीं. म्हणून शंका येणें साहजिक होतें. १८९९ मध्यें ऑक्सफर्डचे मार्गोलियुथ ह्यांनीं, हें मूळ नसून भाषांतरांवरून केलेलें उलट भाषांतर होय, असें प्रतिपादन केलें; एका हस्तलिखिताच्या समासांतील फारसी टिपांवर त्यांचा भर होता. निर्णय लागण्यास ६५ वर्षें लागलीं. १९६४ मध्यें यिगाएल यादीन ह्यांस मसादा किल्ल्यांत चामड्याच्या गुंडाळीचे तुकडे मिळाले. त्यांत ३९ ते ४४ ह्या अध्यायांचा भाग आहे, व अक्षरवळणावरून त्यांचें लेखन इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतलें ठरतें. हा पाठ कैरोच्या पाठाशीं पुष्कळ अंशीं जुळला. कित्येक ठिकाणीं तर मुख्य ओळींशीं नव्हे, समासांतील पाठभेदांशीं जुळला. तथापि शेवटच्या अध्यायांतील वर्णानुक्रमी काव्याचा पाठ मृत समुद्राकांठच्या कुमरान येथील गुंडाळींत अधिक शुद्ध निघाला, आणि कैरोच्या प्रतींत तेवढ्या ठिकाणीं सुरियानीवरून उलट भाषांतराच्या खुणा दिसतात, असें अभ्यासकांचें मत आहे. सारांश, एकाच प्रतींत अस्सल व कृत्रिम असे दोन्ही थर असूं शकतात.

(५) संग्राहकांस बोध.— ग्रीक हस्तलिखितांचा पुरावाहि मननीय आहे. जवळजवळ त्या सर्वांत ३० ते ३६ ह्या अध्यायांतील दोन मोठे भाग एकमेकांच्या जागीं गेले आहेत. कोणा एका आद्य प्रतीच्या दोन जुड्या बांधतांना उलटसुलट झाल्या, व पुढील प्रती तीवरूनच उतरल्या. हिब्रू, सुरियानी व लॅटिन ह्यांत क्रम बरोबर आहे. म्हणजे प्रतींची संख्या मोठी म्हणून साक्ष मोठी, असें होत नाहीं. साक्षी स्वतंत्र आहेत कीं एकाच मुखानें बोलतात, हें आधीं पाहिलें पाहिजे. तसेंच प्रत अर्वाचीन, एवढ्यावरून तिचा पाठ अर्वाचीन ठरत नाहीं. सुमारें दोन तृतीयांश हिब्रू ग्रंथ आज उपलब्ध आहे, तो मुख्यतः टाकाऊ ठरलेल्या पानांमुळें. म्हणून रुमालांतील सुटें पान, त्याचा समास व त्यावरील परकी अक्षरांतील टीपहि नोंद केल्याशिवाय दूर करूं नये, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे.