यकृताचा व्रण आणि पितळेचे पातेले

युनियनच्या माणसाने यकृतावर बोलावे, याचे सापगावात काहींना नवल वाटेल. पण दारूने किंवा काविळीने पोट फुगून गेलेल्या सोबत्यांना आम्ही खांदा दिला आहे. त्या पोटात काय घडले, हे समजून घेण्याचा आम्हांला अधिकार आहे.

हातावरची जखम भरली की व्रण उरतो. यकृतातही तसेच होते. मात्र तेथे जखम रोज होत राहिली, तर व्रणावर व्रण चढतो आणि मऊ यकृत निबर, गाठाळ होऊन बसते. हे काम करतो कोण? 1876 साली कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने यकृतात चांदणीच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. एरवी या तारकापेशी अ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळीत स्वस्थ असतात. शेजारच्या पेशी मरू लागल्या, की त्यांचे रूप पालटते. त्यांच्या आवरणावर एक प्रथिन फार मोठ्या संख्येने दिसू लागते. त्याला पीडीजीएफ ग्राही म्हणतात. त्याचे एक टोक पेशीबाहेर, दुसरे आत. जखमेच्या जागी रक्तातल्या बिंबिका आणि इतर पेशी पीडीजीएफ हे द्रव्य सोडतात. ते बाहेरच्या टोकाला चिकटले, की दोन प्रथिने जोडीने जुळतात आणि आतल्या टोकांवरून निरोप सुटतो: संख्येने वाढा, जखमेकडे सरका. मग दुसऱ्या एका द्रव्याच्या सांगण्यावरून त्याच पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. इजा दारूने केली, विषाणूने केली की तांब्याने, याची चौकशी त्या करीत नाहीत.

तांब्याने यकृत बिघडल्याची हकीकत तर आपल्याच महाराष्ट्रातली आहे. एक ते तीन वर्षांच्या लेकरांचे यकृत दगडासारखे होई, कावीळ दिसे आणि बहुतेक मुले दगावत. एका घरात दोन-दोन भावंडे जात. लोक नशिबाला बोल लावीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित व शीला भावे आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी नशिबाऐवजी स्वयंपाकघर तपासले. या मुलांच्या यकृतात तांबे बेसुमार साठलेले होते, आणि त्यांना लहानपणापासून मिळणारे वरचे दूध बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेले असे. दुधातले केसीन तांबे धरून ठेवते. 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे मांडले. तशा भांड्यातले दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडत नसे, म्हणून अंगच्या आनुवंशिक दुबळेपणाचाही वाटा असावा, असे मानले जाते.

भाता, कथील, नवसागर घेऊन दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्याला आपण कधी आरोग्यखात्याचा माणूस समजलो नाही! पातेल्याला पाठ फिरवली आणि हा रोग 1990 नंतरच्या दशकात फार विरळ झाला.

ज्यांना रोग जडलेला होता, त्यांना तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन देऊन पाहिले. उशिरा आलेली पुष्कळ मुले हाती लागली नाहीत. जी वाचली, त्यांच्या यकृताचे तुकडे पुढे वर्षानुवर्षे तपासले, तेव्हा काहींत व्रण ओसरून यकृत जवळजवळ पूर्ववत झालेले आढळले. इजा थांबली म्हणजे तारकापेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा शांत होतात आणि विणलेले धागे हळूहळू विरघळतात. मात्र त्याला वर्षे लागतात, आणि फार जुना, जाड व्रण पुरता जात नाही.