एक उपसर्ग, दोन कुळे



शब्दाच्या आरंभी 'इन्' आला की अर्थ उलटतो, असा नियम मी पुष्कळ वर्षे फळ्यावर लिहून देत आलो. 'करेक्ट'चे 'इन्करेक्ट', 'व्हिजिबल'चे 'इन्व्हिजिबल'. एके दिवशी प्रयोगशाळेत माझाच एक विद्यार्थी स्पिरिटची बाटली पेटत्या दिव्याजवळ नेऊ लागला. मी घाईने त्याचा हात धरला. तो निरागसपणे म्हणाला, "सर, बाटलीवर 'इन्फ्लेमेबल' लिहिले आहे, म्हणजे न पेटणारे ना?" चूक त्याची नव्हती, माझ्या अपुऱ्या नियमाची होती.

लॅटिन भाषेत 'इन्' दोन आहेत. रूप एक, कुळे निराळी. पहिला नकाराचा. तो आपल्या 'अ', 'अन्' यांचा भाऊबंद होय. 'अनंत' आणि 'इन्फिनिट' शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींचा अर्थ 'ज्याला अंत नाही' असाच. इंग्रजीचा स्वतःचा 'अन्' हाही त्याच कुळातला. 'अज्ञात' आणि 'अन्नोन' यांचे नाते उघड आहे. दुसरा 'इन्' मात्र 'आत', 'मध्ये' या अर्थाचा. 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत डोकावून पाहणे. 'फ्लामा' म्हणजे ज्वाला. त्यावरून 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटविणे. म्हणून 'इन्फ्लेमेबल' म्हणजे सहज पेट घेणारे.

संस्कृत व्याकरणात ही गल्लत संभवत नाही. तेथे 'प्र', 'परा' इत्यादी उपसर्गांच्या गणनेत नकारार्थी 'नञ्' येत नाही. त्याचा नञ् तत्पुरुष समासही स्वतंत्र मानला आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्यासारखी फसगत इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचीही होते. म्हणूनच १९२० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 'फ्लेमेबल' या सुटसुटीत शब्दाचा आग्रह धरला. आपल्या रस्त्यांवरील पेट्रोलच्या टँकरांवर मात्र 'हायली इन्फ्लेमेबल' ही अक्षरे अद्याप दिसतात.

नकाराचा 'इन्' ओळखला तरी काम संपत नाही. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे. ज्याचे मोल करताच येत नाही, ते अमूल्य.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा जुना नियम पुसला आणि दोन्ही 'इन्' शेजारी शेजारी लिहिले. त्या मुलाच्या प्रश्नाचे ऋण मी आजही मानतो.