घोळीची रात्रपाळी

कांद्याच्या वाफ्यात खुरपणी चालली की घोळ उपटून बांधावर फेकतात. वैशाखातल्या उन्हात बाकीचं तण दुपारपर्यंत वाळून काडी होतं. घोळ मात्र दोन दिवसांनी उचलून पाहा: लालसर देठ तसाच मांसल, पानं तशीच तुकतुकीत. उपटताना तिला कळ्या असतील तर देठातल्या पाण्यावर त्या फुलतात, बोंडं धरतात आणि बीसुद्धा पिकतं. मध्येच वळवाची सर आली तर तुटक्या देठालाही मुळं फुटतात. पोसलेल्या एका झाडाला लाखाच्या वर बिया धरू शकतात, आणि जमिनीत गाडलेली बी वर्षानुवर्षं जिवंत राहते. शेतकरी तिला वैतागतो ते उगीच नाही.

पण हा चिवटपणा येतो कुठून? त्याचं उत्तर पानात आहे, आणि मला तरी ते वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटतं.

पान कार्बन डायऑक्साइड आत घेतं तो पर्णरंध्रांतून. रंध्र उघडलं की वायू आत येतो आणि त्याच वाटेनं पाणी उडून जातं. उष्ण मुलखातल्या वनस्पतींची सगळी ओढाताण इथंच आहे. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी त्यावर एक तोड काढली. ती 'सी-४' नावानं ओळखली जाते. वायू आधी चार कार्बन अणूंच्या आम्लात पकडायचा आणि पानाच्या आतल्या खास पेशींत नेऊन सोडायचा. तिथं त्याची दाटी झाली की साखर झपाट्यानं बनते आणि रंध्रं थोडीशी उघडूनही भागतं. निवडुंग, घायपात, अननस यांची तऱ्हा वेगळी. तिला 'कॅम' म्हणतात. रंध्रं दिवसा मिटलेली, रात्री उघडी. गारव्यात घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवस उगवल्यावर दारं लावून आतल्या आत त्याची साखर करायची. पाणी वाचतं, पण वाढ मंदावते.

एक वाट वेगाची, दुसरी काटकसरीची. दोन्ही एका पानात सुखानं नांदणं अवघड, असा शास्त्रज्ञांचा कयास होता. घोळ दोन्ही करते, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. पाणी मिळतंय तोवर ती उसासारखी 'सी-४' पद्धतीनं वाढते. ताण पडला की दिवसाचं काम चालू ठेवून रात्रपाळीही सुरू करते. पाणी मिळालं की रात्रपाळी बंद. या दोन पाळ्या वेगवेगळ्या पेशींत, एकमेकींना न भेटता चालत असाव्यात असं बराच काळ धरून चाललं होतं. येल विद्यापीठातल्या एरिका एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं, की दोन्ही त्याच पेशींत चालतात आणि रात्री साठवलेलं आम्ल थेट दिवसाच्या 'सी-४' चक्रात जातं. दुष्काळात तग धरणारा मका घडवण्याच्या स्वप्नाला या तणानं बळ दिलं आहे.

ही रात्रपाळी जिभेला कळते. कुंडीतल्या घोळीचं पाणी ऐन उन्हाळ्यात आठवडाभर तोडा. पहाटे एक पान चावा, संध्याकाळी दुसरं. पहाटेचं जास्त आंबट लागेल, कारण रात्रभर साठलेलं मॅलिक आम्ल अजून वापरलं गेलेलं नसतं. भाजी शिजवताना येणारा बुळबुळीतपणाही पाण्याच्या काटकसरीतलाच: पाणी धरून ठेवणारा चिकट द्रव.

आयुर्वेदात घोळ 'लोणिका' म्हणून येते. चीनच्या अधिकृत औषधकोशात तिची आजही नोंद आहे, आणि तिथं रक्ताची आव पडत असेल तर ती देण्याची जुनी रीत आहे. आहारशास्त्रज्ञांचं लक्ष तिच्याकडे वळलं ते एका स्निग्धाम्लामुळे. १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ कुळातलं, असल्याचं १९९२ मध्ये नोंदलं गेलं. जवसाशी तिची बरोबरी नाही, पण पालेभाजीत इतकं क्वचितच सापडतं.

तिच्यात ऑक्झॅलिक आम्लही भरपूर असतं. इथं आपल्या स्वयंपाकघराचं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. डाळ-दाणे घालून, लसणीची फोडणी देऊन केलेल्या घोळीच्या भाजीला बऱ्याच घरांत ताक लावतात; तुर्कस्तानात तिला दही लावतात. दह्याताकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला बांधून टाकतं आणि ते शरीरात कमी शोषलं जातं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र ताकाच्या भरवशावर न राहता वैद्याला विचारूनच खावी. विदर्भात उन्हाळ्यात जुडीनं मिळणारी चिवळ ही हिचीच बारीक पानांची बहीण, आणि कुंडीतला चिनी गुलाबही याच गोतातला.

रानातून आणणार असाल तर देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ते दुधी नावाचं तण, फेकून द्या. घोळीच्या देठातून स्वच्छ पाणीच निघतं. तणनाशक मारलेल्या शेतातली, गटाराकाठची घेऊ नका. आणि पुढच्या खुरपणीला चांगली कोवळी घोळ हाती लागली, तर बांधावर टाकू नका, घरी न्या.