पिकअप सकाळी सुरू होत नाही? आधी धूर पाहा, मग पंपाला दोष द्या

जानेवारीतली पहाट होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सवर धुके उतरले होते आणि आमच्या ब्लॉकसमोर रात्रभर उभी असलेली नऊ वर्षांची डिझेल पिकअप काही केल्या सुरू होत नव्हती. चालक सेल्फ मारत होता, इंजिन जोमात फिरत होते, पण पेट घेत नव्हते. सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नव्हती. आठवड्यापूर्वी एका गॅरेजने त्याला ‘डिझेल पंप गेला’ असे सांगितले होते. खर्चाचा आकडा ऐकून त्याने काम पुढे ढकलले होते.

आम्ही बॉनेट उघडून फिल्टरवरचा हँड प्रायमर दाबला. पहिले दहा-बारा दाब पोकळ गेले. मग प्रायमर कडक झाला आणि पुढच्याच सेल्फला गाडी सुरू झाली. पंप ठणठणीत होता. फिल्टरच्या जोडावरचा तांब्याचा वॉशर दबून चपटा झाला होता. तिथून रात्रभर हवा शिरायची आणि लाइनमधले डिझेल टाकीत परत जायचे. मेकॅनिक याला ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात. वॉशर बदलल्यावर त्रास संपला.

जुन्या पिकअपवर पोट असलेल्या माणसाचे असे पैसे हकनाक जाताना पाहवत नाही. म्हणून हे नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज : गाडी सुरू होत नाही म्हणजे बॅटरी गेली, नाहीतर पंप गेला.

वस्तुस्थिती : डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने हवा इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून सेल्फ मारताना दुसऱ्या माणसाला सायलेन्सरकडे पाहायला सांगा.

इंजिन रेंगाळत फिरले, तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा सेल्फ मोटर तपासा. इंजिन जोरात फिरते आणि धूर अजिबात नाही, तर बहुधा डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. इंजिन जोरात फिरते आणि पांढरट धूर येतो, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. अशा वेळी हीटर प्लग, नोझल किंवा कम्प्रेशनकडे वळा. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे निदान होते, आणि त्याला खर्च शून्य.

गैरसमज : काटा अर्ध्यावर आहे, म्हणजे इंधनाची अडचण नाही.

वस्तुस्थिती : काटा टाकीतले डिझेल दाखवतो, इंजिनपर्यंत पोचलेले नाही. जुन्या गाडीत टाकीतला फ्लोट अडकला, तर काटाही खोटे बोलतो. डिझेल टाकीतून पाइप, फिल्टर आणि पंपमार्गे नोझलपर्यंत जाते. तपासणीही त्याच क्रमाने करा. रबरी पाइपला भेगा आहेत का, क्लॅम्प सैल आहेत का, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे का, हे आधी पाहा. छिद्र बुजले की टाकीत निर्वात तयार होतो आणि गाडी चालता चालता दम सोडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होऊन गाडी पुन्हा नीट चालली, तर दोष तिथेच सापडला.

सकाळीच त्रास आणि दिवसभर गाडी उत्तम, हे हवा शिरण्याचे ठरलेले लक्षण आहे. फिल्टरच्या पुढे तात्पुरता पारदर्शक पाइप लावला, तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

गैरसमज : दिल्लीच्या थंडीत डिझेल गोठते. थोडे रॉकेल मिसळा किंवा टाकीखाली शेकोटी करा.

वस्तुस्थिती : डिझेल पाण्यासारखे गोठत नाही. थंडीत त्यातल्या मेणाचे बारीक कण तयार होतात आणि फिल्टरवर थर धरतात. भारतीय मानकानुसार डिझेल थंडीतही फिल्टरमधून गेलेच पाहिजे. त्यासाठी हिवाळ्यात 6 अंश सेल्सिअस आणि उन्हाळ्यात 18 अंश अशी मर्यादा आहे. आर. के. पुरमपासून जवळच असलेल्या सफदरजंग वेधशाळेत 1 जानेवारी 2021 रोजी किमान तापमान 1.1 अंश नोंदले गेले. अशा पहाटे मेणाचा त्रास शक्य आहे. उबदार मुलखात टाकी भरून थेट उत्तरेत आलेल्या गाडीला तो अधिक होतो. पण वर्षातल्या अशा पहाटा मोजक्याच. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले, तशी गरज दिल्लीत नाही. इथे थंडीतला दोष बहुतेक वेळा अशक्त बॅटरी, जळालेला हीटर प्लग किंवा चोंदलेला फिल्टर यांतच सापडतो.

रॉकेल मिसळणे ही भेसळ आहे. रॉकेलला डिझेलइतका वंगणगुण नसल्याने पंप आणि नोझल झिजतात. शेकोटीचे तर नावच काढू नका. गरम पाण्यात भिजवलेले फडके फिल्टरवर ठेवले, तरी पुरते.

गैरसमज : फिल्टर वरून स्वच्छ दिसतो, मग तो ठीकच आहे.

वस्तुस्थिती : अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पाण्याच्या रूपाने भिंतींवर जमते. हे पाणी फिल्टरच्या तळाशी साठते आणि पंप-नोझलला गंज चढवते. फिल्टरखालचा ड्रेन बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटे बाटली हलवू नका. एक लिटर डिझेलचे वजन साधारण 820 ते 845 ग्रॅम असते आणि पाण्याचे 1000 ग्रॅम. त्यामुळे पाणी खाली बसते आणि दोघांमधली रेघ स्पष्ट दिसते. तळाशी काळा गाळ दिसला, तर टाकी धुवायची वेळ झाली आहे. बाटलीतले डिझेल गटारात ओतू नका, गॅरेजमधल्या टाकाऊ तेलाच्या डब्यात टाका.

गैरसमज : पेट्रोल पंपावर भेसळ झाली म्हणूनच गाडी बंद पडली.

वस्तुस्थिती : डिझेल भरल्यावर लगेच त्रास सुरू झाला, तर शंका रास्त आहे. पंपावर घनता मोजून दाखवा असे म्हणणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि त्या दिवसाची घनता तिथे नोंदलेली असते. पण आठवडाभर गाडी नीट चालून सकाळीच अडत असेल, तर आधी आपली टाकी आणि पाइप तपासा.

गैरसमज : नोझलचा पाइप सैल करून डिझेल येते का ते पाहावे.

वस्तुस्थिती : जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मेकॅनिक असे करत आले. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करू नका. तिथे दाब 1600 बारच्या आसपास जाऊ शकतो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ती तातडीची शस्त्रक्रिया मागते. अशा गाडीला स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलमधला दाब बघायचा असतो. बहुतेक इंजिनांना पेट घ्यायला साधारण 200 बार लागतात. तेवढा दाब तयार होत नसेल, तर नोझलमधून परत जाणारे डिझेल मोजा आणि मगच पंपाचा विचार करा.

गैरसमज : सेल्फ मारत राहिले की कधीतरी गाडी सुरू होतेच.

वस्तुस्थिती : एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. नाहीतर सेल्फ मोटर तापते, बॅटरी उतरते आणि एका दोषाचे तीन दोष होतात.

गैरसमज : सीएनजी पिकअपमध्ये पेट्रोल ठेवायची गरज नाही.

वस्तुस्थिती : पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. टाकीतला पेट्रोल पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, त्यानेच तो थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली, की पंप जळतो.

गैरसमज : दिल्लीत दहा वर्षे झालेल्या डिझेल गाडीवर खर्च करण्यात अर्थच नाही.

वस्तुस्थिती : हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अशा गाड्यांना इंधन न देण्याचा नियम 1 जुलै 2025 पासून सुरू झाला आणि काही दिवसांतच लांबणीवर पडला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या 12 ऑगस्ट 2025 च्या आदेशाने केवळ वयावरून कारवाई थांबली. डिसेंबर 2025 मध्ये न्यायालयाने हे संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. म्हणून मोठी दुरुस्ती काढण्याआधी आरसीवर नोंदणीची तारीख आणि बीएस मानक पाहून घ्या.

आर. के. पुरमला लागूनच भिकाजी कामा प्लेसमध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेचे कार्यालय आहे. 1978 पासून ही संस्था इंधन वाचवायला सांगते आहे. फिल्टर वेळेवर बदलणे आणि लाइनमधून हवा शिरू न देणे हाही त्याच बचतीचा भाग आहे.

पिकअपवाल्यांना एवढीच विनंती : महिन्यातून एकदा फिल्टरमधले पाणी काढा, संध्याकाळी टाकी निम्म्याहून खाली ठेवू नका आणि गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ असे कोणी म्हटले, तर आधी विचारा, ‘धूर येत होता का? प्रायमर कडक होता का? पाणी काढून पाहिले का?’ या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पैसे देऊ नका.